दारापर्यंत जाऊन ये

बाबा, जानेवारीत मी बर्फात जाते आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या कपाळावर पडायच्या त्या आठ्या पडून जातील आणि पुढचं तुम्ही शांतपणे ऐकाल. कॅनडात एक छोटं शहर आहे, एका मोठ्या तळ्याच्या काठाकाठाने वसलेलं, आणि तिथून तासाभरावर डोंगरात स्कीइंगचे उतार आहेत. तुमची नात तिथे नोकरी करते. तुम्ही गेलात तेव्हा ती रांगत होती. आता इंजिनीअर आहे, मराठी सगळं समजतं आणि उत्तर हिंदीत देते. चंदीगडात ज्याच्या घरातलं कोणी कॅनडात नाही असा माणूस शोधून काढावा लागतो, त्यामुळे शेजारीपाजारी या गोष्टीचं कोणाला फारसं कौतुक नाही. कौतुक आहे ते मी बर्फात जाण्याचं, आणि तेही फक्त मलाच, कारण बर्फात जायचं नाही हा तुमचा नियम आता माझ्याशिवाय कोणाला आठवत नाही.

तुम्ही हाडांचे डॉक्टर. दर हिवाळ्यात शिमल्याकडून, मनालीकडून माणसं तुमच्या वॉर्डात यायची, बर्फ बघायला हौसेने गेलेली आणि स्ट्रेचरवरून परतलेली. त्यांना बघून बघून तुमचं मत पक्कं झालं होतं की बर्फ ही वस्तू देवाने फक्त तुमचा वॉर्ड भरावा म्हणून केली आहे. आपल्या ओळखीची बाकीची मराठी कुटुंबं, फौजेतली असोत की युनिव्हर्सिटीतली, बदली व्हायच्या आत एकदा तरी बर्फात उभं राहून फोटो काढायची आणि तो गावाकडच्या नातेवाइकांना पाठवायची. आपण गच्चीवरून लांब डोंगरातल्या कसौलीचे दिवे बघायचो. आईने एकदा विचारलं होतं, इतक्या लांब येऊन राहिलो आहोत तर एकदा जाऊन येऊ या का. तुम्ही म्हणालात, फ्रिज उघड आणि वरच्या कप्प्यात बघ. त्यानंतर तिने विचारलं नाही, पण तो कप्पा साफ करायची वेळ आली की ती स्वयंपाकघरातून तुम्हाला हाक मारायची, अहो, या, सहलीला निघायचंय. तुम्ही जाऊन मुकाट्याने परात धरायचात. दर दिवाळीला मला नव्या कपड्यांच्या आधी सेक्टर सतराच्या बाजारातून जाड तळव्याचे बूट मिळायचे. मैत्रिणींना उंच टाचांचे सँडल आणि मला ते बूट. तेव्हा मला त्यांचा राग यायचा. आता वाटतं, तुम्हाला लाड करण्याची ती एकच रीत ठाऊक होती.

आणि सुखना तलाव. रविवारी सकाळी तुम्ही मला तिथे न्यायचात, फिरायला म्हणून, पण आपण फिरायचो थोडं आणि बसायचो फार. काठावरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल ओळखायची, हा आपला खेळ. इतर मुलींचे वडील त्यांना बोटीतून फिरवायचे, माझे मला कंबरा आणि गुडघे दाखवायचे. चेहऱ्याकडे बघू नकोस, चेहरा खोटं बोलतो, टाच बघ, असं तुम्ही सांगायचात. दुखऱ्या पायावर माणूस कमी वेळ टेकतो, चांगल्या पायावर जास्त. एकदा का ते कळलं की रस्त्यावरचा कोणीही माणूस आपल्यापासून काही लपवू शकत नाही. मी म्हणायचे, डावा घोटा. तुम्ही म्हणायचात, घोटा नाही, नवे बूट. मग तो माणूस खाली बसून बूट सैल करायचा आणि तुम्ही माझ्याकडे न बघता हसायचात.

नववीत शाळेची सहल शिमल्याजवळ कुफ्रीला गेली, ते आठवतंय ना? तुम्ही नको म्हणाला होतात, आईने तुमच्याशी दोन दिवस अबोला धरून परवानगी मिळवली होती. मी बर्फावर पाय ठेवणार नाही, या अटीवर. मी भाड्याच्या लाकडी पट्ट्या पायाला बांधून उतारावरून घसरले आणि खाली जाऊन अशी आपटले की माझ्या तोंडात बर्फ गेला. परतीच्या बसमध्ये सगळ्याजणी गात होत्या आणि मी घोटा दाबून बसले होते. घरी येते. आई स्वयंपाकघरात थालीपीठ लावते आहे, तुम्ही जेवायला बसला आहात. मी अगदी हसत आत येते, सहल मजेत झाली म्हणते आणि पाण्याचा पेला घेते. तुम्ही मान वर न करता म्हणता, "दारापर्यंत जाऊन ये." मी जाते. तुम्ही म्हणता, परत. मी परत जाते आणि येताना रडायला लागते. तुम्ही ताट तसंच ठेवून माझा पाय मांडीवर घेता. घोटा सुजलेला, पण मोडलेला नाही. मला वाटलं होतं बर्फावरून बोलणी बसतील. बर्फाचा तुम्ही उल्लेखही केला नाहीत. "मोडलं तर जुळतं," तुम्ही म्हणालात, "लपवलं की वाकडं जुळतं. मग मला ते पुन्हा मोडावं लागतं." तुमच्याकडे अशी माणसं येत, पडल्यावर आधी गावातल्या पैलवानाकडून चोळून घेतलेली, महिनाभर गप्प बसलेली. तुम्ही नुसतं वॉर्डातलं सांगत होतात. मी मात्र ते जन्मभर उशाशी घेऊन झोपले.

आता नातीचं ऐका. ऑक्टोबरात एकदा व्हिडिओवर बोलता बोलता ती चहाचं पाणी उतरवायला उठली. एरवी ती टेबलाशी बसूनच बोलते, मला नुसता चेहरा दिसतो, आणि चेहऱ्याबद्दल तुम्ही काय सांगितलंय ते मी विसरले होते. चार पावलं गेली आणि मला तिच्या टाचा दिसल्या. मी म्हणाले, उजवी नडगी, काय झालं? तिने किटली खाली ठेवली. मग सगळं बाहेर आलं. मागच्या हिवाळ्यात उतारावर पडली, नडगीचं हाड मोडलं, प्लास्टर झालं, कुबड्या झाल्या, मैत्रिणीने जेवण करून घातलं. उन्हाळ्यात रजा नाही म्हणून आली नाही, ती खरं म्हणजे पाय धरून बसली होती. मला का नाही सांगितलंस, तर म्हणाली, आप नानाजी का पूरा वॉर्ड लेके आ जातीं. त्यात खोटं काही नव्हतं. तरी मी तिच्याशी आठवडाभर धड बोलले नाही. रागावले होते, पण रागाच्या खाली भीती होती. कोणी जोडलं असेल, कसं जोडलं असेल, सरळ जुळलं असेल का, आणि आता आयुष्यभर ही मला फक्त चेहराच दाखवणार का.

तुमचे जावई म्हणाले, इथून उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा जाऊन बघून ये. व्हिसा तिच्या पदवीदानाला गेलो होतो तेव्हाचा अजून चालू होता. मग तयारी सुरू झाली. लेकीने तळ्यासमोरच तळमजल्यावर घर घेतलं आहे, तिथून तळ्याकाठी फिरायचा रस्ता लागतो. तिचा बेत असा की एक दिवस तळं, एक दिवस बाजार, आणि एक दिवस डोंगरावर, तिथे रोपवेच्या पाळण्यात बसून वर जायचं आणि वरून मला तिचा उतार दाखवायचा. पाय मोडला तोच उतार. मी मनीमाजऱ्याच्या बाजारातून आतून घालायचे लोकरी कपडे आणले. तिने बुटांच्या तळाला अडकवायचे काटे तिकडे घेऊन ठेवले, म्हणजे निसरड्यावर पाय सरकत नाही. हे तुम्हाला आवडलं असतं. सगळं ठरलं, फक्त तिकीट मी काढत नव्हते. तिकडे उतरल्यावर विमानतळावर ती लंगडत समोर आली तर माझं काय होईल, हे मला कळत नव्हतं.

शेवटी मीच म्हणाले, मला तुझी चाल बघायची आहे. इथली जेवणं उरकली होती, तिकडे सकाळ होती. ती जाकीट चढवून बाहेर गेली आणि तळ्याकाठच्या एका बाकावर फोन टेकवून ठेवला. राखाडी पाणी, पलीकडे पांढरे डोंगर, बदकं. अगदी सुखनासारखा बाक. मी म्हणाले, त्या दिव्याच्या खांबापर्यंत जाऊन ये. ती गेली, आली. मी म्हणाले, परत. बाबा, मी तिच्या टाचांकडेच बघत होते. दोन्ही पाय सारखे टेकत होते. ऑक्टोबरातलं ते थोडंसं लंगडणं गेलं होतं, उरलं होतं ते फक्त तिचं नेहमीचं भराभर चालणं, अगदी आईसारखं. मला इतकं हायसं वाटलं की मी पदराने तोंड झाकून रडले. हे आतून धावत आले, काय झालं म्हणाले. मी म्हणाले, सरळ जुळलंय.

मला वाटलं, झालं. तर फोनमधून आवाज आला, "आई, अब आप. किचन से दरवाज़े तक."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. मी म्हणाले भांडी पडली आहेत, मी म्हणाले उशीर झालाय. यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि पाहुण्यासारखा दिवाणावर मांडला. मी दारापर्यंत गेले. तुमच्या त्याच घराचं दार, फक्त रंग बदललाय. परत आले. लहानपणी मीच तिला सुखनाला नेऊन हा खेळ शिकवला होता, खाण तशी माती. "राइट नी," ती म्हणाली. "कब से?"

त्या एका प्रश्नाने मला काय वाटलं ते सांगते. जिथे शिकवते त्या संस्थेतले जिने मी कठड्याला धरून उतरते, रोज, आणि सोबतचे विद्यार्थी माझ्याशी बोलत उतरतात, कोणाला काही दिसत नाही. हे चष्मा शोधण्यात असतात. तुम्ही गेल्यापासून माझी चाल कोणी बघितलीच नव्हती. आपण कसे चालतो हे बघणारं कोणी उरलं नाही, हे मला इतकी वर्षं माहीतही नव्हतं, आणि कोणीतरी बघितल्यावर एकदम कळलं. दोन दिवसांनी डॉक्टरकडे गेले. तरुण मुलगी आहे, तिने मला आधी चालायला लावलं, म्हणून ती मला लगेच पटली. म्हणाली, गुडघ्यातली गादी, म्हणजे कूर्चा, थोडी झिजली आहे, व्यायाम करा, खुशाल जा, सपाटीवर काठी घेऊन फिरा, उतारावर नको. लेकीने डोंगरावरचा दिवस तिथल्या तिथे रद्द केला. आता आम्ही पायथ्याशी काचेच्या आत बसून कॉफी पिणार आहोत आणि पडणारे लोक बघणार आहोत. कोण कुठल्या पायावर पडतंय ते ओळखायचं, अशी पैज लागली आहे. तिकीट काढलं.

हे पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही, आणि पत्ता असता तरी मी पाठवलं नसतं. वाचून झाल्यावर तुम्ही मान वर न करता पहिली गोष्ट हीच विचारली असती, जी तिने विचारली, कधीपासून. तिला मी म्हणाले, दिवाळीपासून. दिवाळी खरीच आहे, बाबा. पण ती मागच्या वर्षीची.