आमच्या घरात सगळंच टोचतं

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (परवा भरलेली बादली उचलताना कमरेत उसण भरली, त्यामुळे प्रत्यक्षात मी खुर्चीत ताठ बसून फक्त मान हलवली आहे. तरी साष्टांगच समजून घे.) डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुला कसं दिसतंय? चष्मा पार सुटला म्हणे. चाळीसेक वर्षांनी तुझ्या नाकाला सुट्टी मिळाली, बरं वाटलं. भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून 'आई गं' म्हणतात की आता नुसतेच कण्हतात? आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे पत्रात लिहिण्याइतपत ठीक आहोत.

तुझं पत्र पोचलं. भाच्याचं लग्न ठरलं, पगार बेताचा आहे, तेव्हा 'मामानं त्याला काटकसरीनं संसार कसा करायचा ते चार ओळींत लिहून पाठवावं, तुम्ही दोघं किती छान भागवता' असं तू लिहिलंस. ते मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिला आधी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवाव्या लागल्या आणि मग ती हसली. (ती हल्ली शाळेचे गणवेश शिवते, त्यामुळे दिवसभर तोंडात टाचण्या असतात आणि माझे बरेच अपराध न बोलता माफ होतात.) तुझ्या भाचीच्या डोळ्यांचंही तू विचारलंस. खरं सांगतो, सध्या घरात काळजी ती एकच आहे. आमच्या पोरीला फळ्यावरचं दिसत नाही आणि ती चष्मा घ्यायला तयार नाही. का तयार नाही, ते ओघानं येईलच, कारण त्याचा आणि काटकसरीचा फार जवळचा संबंध आहे. पण आधी भाच्याचं.

भाच्याला सांग, पहिली गोष्ट म्हणजे केस घरी कापावेत. मी हे एकदा करून पाहिलं. बायको आपली कात्री देईना. कापडाच्या कात्रीनं केस कापले की धार जाते म्हणे. (शिवणकाम करणारी बाई एक वेळ नवरा उसना देईल, कात्री देणार नाही.) म्हणून मी छापखान्यातली कागद कापायची कात्री आणली. डावी बाजू झकास कापली. उजवीकडे आलो तेव्हा आरशात कुठला हात कुठे जातोय याचा हिशेब चुकला आणि कानावर एक मोकळं मैदान तयार झालं. ते जुळवायला दुसऱ्या कानावर तेवढंच मैदान, मग दोन मैदानांना जोडणारा रस्ता, असं करत करत सगळंच गेलं. दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या मालकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, टायफॉइड होऊन गेला का? मी हो म्हणालो. त्यांनी दोन दिवसांची भरपगारी रजा दिली. तेव्हा ही युक्ती फायद्याची आहे, पण एका नोकरीत एकदाच चालते.

दुसरं म्हणजे पायी चालावं. बसचे पैसे वाचतात आणि तब्येत सुधारते, असं मी सगळ्यांना सांगत होतो. तीन महिन्यांत चपलांचे तळ गेले, भूक दुप्पट झाली, आणि तब्येत इतकी सुधारली की पँटी सैल झाल्या. त्या आत घ्यायला घरातच शिवणारीण आहे म्हणून निभावलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच प्रकार.

तिसरी युक्ती वह्यांची, आणि ती मात्र मला अजूनही चांगली वाटते. छापखान्यात बिघडलेले ताव रद्दीत जातात. एका बाजूला छपाई, दुसरी कोरी. मी ते मागून आणतो, बायको मशीनवर मधोमध टीप मारते, झाली वही. यात एकच धोका, मागे काय छापलंय ते आधी बघावं. तुझ्या भाचीनं 'माझी आई' हा निबंध फार मनापासून लिहिला आणि पान उलटलं तर मागे मोठ्या अक्षरांत 'जुनाट मूळव्याध? आता चिंता सोडा!' बाईंनी खाली शेरा मारला, 'दोन्ही बाजू वाचल्या.' बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. त्या वेळी तोंडात टाचण्या नव्हत्या.

पण आमच्या संसाराचा खरा कणा म्हणजे एक शब्द आहे, आणि तो तुझ्या भावजयीनं शोधून काढला आहे. दुकानात गेलं, वस्तू आवडली, किंमत आवाक्याबाहेर निघाली, तर दुकानदाराला 'परवडत नाही' असं कोण सांगणार? तिनं कित्येक वर्षांपूर्वी एका साडीवरून हात फिरवला, जरा तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "छान आहे हो, पण टोचते." दुकानदार ओशाळला, आम्ही ताठ मानेनं बाहेर पडलो. तेव्हापासून आम्हाला सगळं टोचतं. स्वेटर टोचतात, बूट टोचतात, सोफ्याच्या स्प्रिंगा टोचतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, काय नाजूक कातडीचं घराणं आहे! आणि आम्हाला आपसात न बोलता कळतं. एकदा मात्र माझी फजिती झाली. फ्रीजच्या दुकानात विक्रेता फारच मागे लागला, "काका, घ्यायला हरकत काय आहे?" मी सवयीनं म्हणालो, "टोचतो." तो बराच वेळ कधी माझ्याकडे, कधी फ्रीजकडे बघत होता. घरी येऊन आम्ही तिघं पोट धरून हसलो. पोर सगळ्यात जास्त हसली. ती नऊ वर्षांची आहे, तिला सगळं कळतं, हे त्या दिवशी आम्हाला कौतुकाचं वाटलं होतं.

आता तिच्या डोळ्यांचं. हे लिहायला हात जड होतो, कारण यातला मुख्य गाढव मी आहे. तुला माहीत आहेच, मी मुद्रितं तपासतो, म्हणजे लोकांच्या चुका काढून पोट भरतो. दिवाळं निघालेल्या माणसाच्या जाहीर निवेदनातसुद्धा मी राहिलेली वेलांटी देऊन पाठवतो. तर यंदा पोरीच्या वहीत भलत्याच चुका दिसायला लागल्या. 'आकाशात काळे घन दाटून आले' याऐवजी 'आकाशात काळे धन दाटून आले'. मी मोठ्यानं हसलो, म्हटलं हे ढग आपल्या गच्चीवर कधी येणार? मग 'आमची शाळा सकाळी साडेसातला मरते.' मग 'घरण', 'धोडा', 'माषण'. मी रोज संध्याकाळी लाल पेन घेऊन बसायचो. शुद्धलेखन तपासणाऱ्याच्या पोटी हे काय जन्माला आलं, म्हणून चिडायचो, आणि प्रत्येक शब्द दहा-दहा वेळा लिहून घ्यायचो. ती मुकाट्यानं लिहायची, बारीक अक्षरात, कागद वाचावा म्हणून.

घ आणि ध, भ आणि म. ताई, इतकी वर्षं हेच काम करतोय मी. धुरकट छपाईत हीच अक्षरं एकमेकांसारखी दिसतात, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पण पोर फळ्यावरून उतरवते आहे आणि तिला फळाच धुरकट दिसतोय, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. यंदा ती वीतभर वाढली म्हणून बाईंनी तिला शेवटच्या बाकावर बसवलं, आणि चुका नेमक्या तेव्हापासून सुरू झाल्या. हे बाईंच्या लक्षात आलं, माझ्या नाही. त्यांनी मला बोलावून विचारलं, "घरी काही बोलली नाही का?"

डॉक्टरांनी तपासलं, नंबर निघाला, चिठ्ठी दिली. कमी उजेडानं झालं का, असं मी भीत भीत विचारलं. (अभ्यासाच्या टेबलावरचा दिवा मीच लहान लावला होता.) ते म्हणाले, नाही हो, घराण्यात कुणाला असेल. तेवढं ओझं उतरलं. मग आम्ही तिघं चष्म्याच्या दुकानात गेलो. म्हातारा दुकानदार, फार सज्जन, आरसा पोरीच्या उंचीला आणून ठेवला आणि एकेक फ्रेम लावायला लागला. पहिली टोचते म्हणाली. दुसरी टोचते. तिसरी कानामागे टोचते. मी बायकोकडे बघितलं, तिनं मान दुसरीकडे वळवली. शेवटी त्यानं आतून एक निळी फ्रेम काढली. पोर तिच्याकडे बघत राहिली, हात पुढे गेला, मग फ्रेमला दोऱ्यानं बांधलेली किमतीची चिठ्ठी तिनं डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि हात मागे घेतला. म्हणाली, "ही सगळ्यात जास्त टोचते." दुकानदार म्हणाला, "अगं बाळ, अजून नाकावर ठेवलीसुद्धा नाही."

आम्ही घरी आलो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. मी तिला सांगून पाहिलं की अगं, हे परवडतं, एवढे पैसे आहेत. तिनं समजूतदारपणे मान हलवली, आपण दुकानदारापुढे हलवतो तशी. आमच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिला आम्हीच शिकवलंय. आता ती रोज डोळे बारीक करून शाळेत जाते आणि शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवते. मी लाल पेन छापखान्यातच ठेवून येतो.

असो. कळवण्यासारखं बरंच होतं, त्यातलं हे थोडं. भाऊजींना नमस्कार, भाच्याला आशीर्वाद आणि तुझ्या सुनेला आगाऊ शुभेच्छा. लोभ आहेच, तो एक आमच्याकडे अजून भरपूर शिल्लक आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र भाच्याला देऊ नकोस, लग्न मोडेल. त्याला एवढंच सांग की दुकानात काय वाट्टेल ते बोल, पण घरात परवडत नसेल तेव्हा 'परवडत नाही' म्हण आणि परवडत असेल तेव्हा 'परवडतं' म्हण. दोन वेगळे शब्द आहेत, दोन्ही वापरावेत.

ता. क. दुसरा. खरं काम आता लिहितो. पैसे नकोत, घाबरू नकोस. ती निळी फ्रेम मी दुसऱ्या दिवशी जाऊन घेतली, नंबराच्या काचा घालून माझ्या कपाटात ठेवली आहे. पण आमच्या हातून ती घेणार नाही, परत करा म्हणेल. तेव्हा तू रविवारी ये. मी कोपऱ्यावर तुला डबी देईन, ती तू तुझ्या पिशवीतून काढ आणि सांग की हा माझा लहानपणचा चष्मा, इतकी वर्षं सांभाळून ठेवला होता, फक्त काचा नव्या घातल्या. तिला खरं वाटेल, कारण घरातल्या सगळ्या जुन्या फोटोंत तुझ्या नाकावर चष्मा आहे. (फोटोंत मीही आहे, तुला 'ढापणी, ढापणी' म्हणून चिडवणारा. त्याबद्दल आज माफी मागतो. उशीर झाला आहे, पण मनापासून मागतो.) रंगाचं, किंवा दुकानातल्यासारखीच कशी असं विचारलं तर तेव्हा अशीच फॅशन होती म्हण. खोटं बोलायला तुला आवडत नाही, माहीत आहे. आम्ही दोघं यात तरबेज आहोत, पण आमचं आता खपत नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो, पण हे लिहायचं राहिलं. काल छापखान्यातून येताना ती रस्त्याच्या पलीकडे उभी दिसली. मी हात केला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि अनोळखी माणसानं हात केल्यावर पोरींना शिकवलेलं असतं तशी मान खाली घालून भराभर चालायला लागली. मी हाक मारली तेव्हा थांबली. रविवारपर्यंत थांबू नकोस, शनिवारीच ये.