शीतलचे दंड

मंगळवार, संध्याकाळ

आज स्वतःचीच किळस येते आहे.

शीतल पवनार गावची मुलगी. शरीरसौष्ठव स्पर्धेसाठी दोन वर्षं जिममध्ये घाम गाळते आहे. मागच्या महिन्यात माझ्या स्टुडिओत तिचे फोटो काढले. ती भरलेली पाठ, ते दंड, दंडावरची ती टरारलेली शीर! इतकं देखणं माझ्या कॅमेऱ्यासमोर कधी आलंच नव्हतं. तिला तसं म्हणालेही होते.

आज सकाळी तिचा भाऊ आला. त्याला त्यातलाच एक फोटो स्थळाला पाठवायचा होता. "ताई, दंड जरासे बारीक करून द्या. पाहुणे भेतीन," म्हणाला आणि हसला. मीही हसले. का हसले? मग कॉम्प्युटरवर बसून दंड कापले, ती शीर पुसली. दहा मिनिटंही लागली नाहीत.

दुपारी प्रिंट न्यायला शीतल स्वतःच आली. प्रिंट उजेडात धरून पाहिली.

"हे कोण होय, ताई?"

"तुझ्या भावानं सांगितलं होतं गं."

"त्याले नाई समजत. पण तुमाले तर आवडले होते न माहे हात?"

प्रिंट टेबलावर उपडी ठेवून ती निघून गेली.

तिच्या भावाला फोन केला. "फोटो आहे तसाच मिळेल," म्हटलं.

"मंग लगन तुमीच लावून द्या तिचं!" तो ओरडला.

त्याचा राग आला, पण किळस त्याची नाही. त्याला ते दंड कधी सुंदर दिसलेच नव्हते. मला दिसले होते.