हार्ड घेतलेली पोरगी

बाबा, आज दुपारी लेकीने नवा गोळीबाराचा गेम लावला आणि पहिल्याच पडद्यावर अडून बसली. "आई, कोणती पातळी घेऊ? इझी, मीडियम की हार्ड?" मी "तुझं तू ठरव" म्हणून स्वयंपाकघरात आले आणि कणीक मळता मळता तुमच्यावरच चिडले. इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तरी हा प्रश्न कोणी विचारला की मी तिथून पळ काढते.

माझी बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. कापसाच्या जिनिंग मिलच्या ऑफिसने मोडीत काढलेला कॉम्प्युटर तुम्ही अकोटच्या घरी आणलात, त्यात कोणीतरी टाकून ठेवलेला असाच एक गेम होता. त्या वर्षांत जिनिंगच्या आवारात हसणारं माणूस दिसत नसे. तुम्ही तिथले ग्रेडर, गाडीतला कापूस पाहून प्रत ठरवणारे. शेतकऱ्याला वाटायचं तुम्ही व्यापाऱ्याचे, व्यापाऱ्याला वाटायचं तुम्ही शेतकऱ्याचे, आणि घरी येईपर्यंत तुमचाही कोणावर विश्वास उरलेला नसे. आईने आणलेली कोथिंबीरसुद्धा तुम्ही जुडी सोडून बघायचात. मी गेम उघडला तेव्हा तुम्ही मागे खुर्ची ओढून बसलात. मी इझीवर जातेय तोच तुम्ही हटकलंत, "थांब. हे सोपं त्यानं काहून ठेवलं? फुकटात कोनी काई देत नसते."

"पहिल्यांदा सगळे तेच घेतात, बाबा."

"सारे घेते म्हनूनच पाहून घे. गाडीतला वरचा कापूस चांगलाच रायते. वरून, मधातून, बुडातून, तिनी जागचा हातात घे, मंग प्रत सांग."

म्हणून आपण त्या गेमची प्रत लावायला बसलो. पहिला टप्पा मी तिन्ही पातळ्यांवर खेळले. इझीवर शत्रू समोर येऊन नुसते उभे राहायचे. मीडियमवर निदान आडोसा शोधायचे. हार्डवर गोळी कुठून आली हे कळायच्या आत मी मेलेली असायचे. तुम्ही गुडघ्यावर कोपर टेकवून सगळं बारकाईने पाहिलंत आणि निकाल दिलात, "हार्ड घे. हा तरी खोटं बोलून नाई राह्यला."

आठवडाभर मी दुसऱ्याच टप्प्यावर मरत होते. संध्याकाळी चप्पल काढता काढता तुम्ही विचारायचात, "कुठवर आली?" त्याच दिवसांत मोठेबाबा रोज येऊन बसत. भावाच्या पोरीची त्यांना भारी काळजी! गावातच डी.एड.ला घाला, इंजिनिअरिंग तिला झेपायचं नाही, हे त्यांचं पालुपद. तुम्ही हो म्हणत नव्हतात, नाहीही म्हणत नव्हतात. माझा सगळा जीव अमरावतीच्या कॉलेजात अडकलेला, आणि इकडे माझ्याने एक टप्पा पार होईना. मग एका दुपारी, तुम्ही कामावर असताना, मी सेटिंगमध्ये जाऊन हार्डचं इझी केलं. दोन दिवसांत शेवटचा टप्पा आला. तो मी तुमच्यासमोर खेळले. शत्रू येऊन उभे राहत होते आणि पडत होते, आणि मी पडद्याऐवजी चोरून तुमच्याकडे बघत होते. तुमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. दुसऱ्या दिवशी मोठेबाबा आले तसे तुम्ही म्हणालात, "पोरीनं हार्ड घेतलं अन् पार नेलं. ते अमरावतीले जाईन." मोठेबाबांना त्यातलं काही कळलं नाही, पण तुमचा आवाज ऐकून त्यांनी डी.एड.चा विषय सोडला.

मी गेले. पहिल्या वर्षी दोन विषयांत आपटले, वसतिगृहात उशीत तोंड खुपसून रडले, पण टिकले. आता नांदगाव पेठेच्या कारखान्यात कापडाचा दर्जा तपासते, आणि समोरचा माणूस माल चांगला आहे म्हणाला की आधी त्याच्याकडेच संशयाने बघते. तो संशय तुमच्यापर्यंतही पोचतो, बाबा. तिन्ही पातळ्या तुम्ही डोळ्यांनी पाहिल्या होत्या. नुसत्या मुठीत ओला कापूस ओळखणाऱ्या माणसाला ते उभे राहिलेले शत्रू ओळखू आले नसतील? कधी वाटतं, अख्ख्या तालुक्यावर शंका घेणारा माणूस एकट्या माझ्यावर डोळे मिटून विसंबला आणि मी त्याला फसवलं. तेव्हा फार लाज वाटते. कधी वाटतं, तुम्हाला तिथल्या तिथे कळलं होतं, आणि सख्ख्या भावाला तोंडावर खोटं सांगून तुम्ही मला जाऊ दिलंत. मला हेच दुसरं खरं असायला हवंय.

हे पत्र लेकीच्या हाती लागायच्या आत मी फाडून टाकणार आहे. पण एक कबूल करते. शेवटी अकोल्याच्या दवाखान्यात एक अख्खी दुपार आपण दोघंच होतो. तुम्ही शुद्धीत होतात, तेव्हा तुम्हाला कळलं होतं का, हे विचारणं अगदी ओठांवर आलं होतं. मी उशी सारखी केली आणि चहा घेता का, म्हणून विचारलं. बाबा, मला भीती वाटली, तुम्ही भाबडेपणाने म्हणाल, "हार्डच होतं ना, माय?"