आत्याची माती

३ मार्च
तिसरी केमो काल झाली. उलट्या पाच. आणि आज माती प्यायले!

नाबुकीरा आत्या गावाकडून, मसाकाहून आली ती मुंब्वा घेऊनच – झाडपाला मातीत मळून वाळवलेल्या कांड्या. दगडावर पाण्यात उगाळायच्या, सकाळ-संध्याकाळ कपभर. नाही कसं म्हणणार? लग्नाआधी मला बाईच्या अंगाचं सगळं शिकवलं ते आत्यानंच. आमच्यात तिच्यासमोर गुडघे टेकायचे, ती देईल ते दोन्ही हातांनी घ्यायचं.

"एक स्तन त्या डॉक्टरांनी नेला. उरलेली तू माझी! पी मुकाट्यानं."

९ मार्च
हॉस्पिटलात श्वासाचा वर्ग. सिस्टर म्हणते, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मी तीनवरच अडकते. रोग परत आला तर?

माती कडूजहर. पण प्यायलं की वाटतं, आपण हातपाय हलवतोय.

२४ मार्च
केमो दिलीच नाही! लिव्हरचे आकडे तिप्पट. डॉ. अचाननी विचारलं, "घरचं काही औषध घेता?" आत्या शेजारीच बसलेली. म्हटलं, "नाही."

आता स्कॅन. रोग लिव्हरमध्ये उतरलाय का ते बघणार. भीती वाटते. फार भीती वाटते.

२६ मार्च
आत्या म्हणते, "म्हणजे माती कमी पडतेय." आता तीन कप!

प्यायले. मूर्ख.

२८ मार्च
आत्या बाजारात गेली तेव्हा सिस्टरला फोन केला. सगळं सांगितलं. रागावलीच नाही. "श्वास घे, अंग चोळून घे, प्रार्थना कर. पण पोटात जाईल ते आम्हाला सांग गं बाई!"

माती बंद. आत्याकडून कप घेते, तिची पाठ वळली की केळीच्या बुंध्याशी ओतते. स्वतःच्याच घरात चोर.

१२ एप्रिल
स्कॅन स्वच्छ!! आकडेही उतरले. मातीमुळेच चढले होते का, हे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. गुरुवारी केमो.

संध्याकाळी गुडघे टेकून आत्याला खरं सांगितलं. वाटलं, घर डोक्यावर घेईल. ती उठून खोलीत गेली. जेवलीही नाही.

१३ एप्रिल
सकाळी आत्यानं दार लावलं. झग्याचा कमरेचा पट्टा सोडला, माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. गाठ – लिंबाएवढी, घट्ट.

"दोन वर्षं पितेय मी ही माती," म्हणाली.