सातपाटीचे घर आणि धर्मेशचे गुण

मी, पुष्पलता कमलाकांत मेहेर, वय एकाहत्तर, प्राथमिक शाळेची निवृत्त शिक्षिका, राहणार सातपाटी, तालुका व जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही, गुंगीचे औषध नाही. माझ्या स्मरणशक्तीविषयी शंका असल्यास ज्यांनी माझा अपमान केला आहे त्यांना विचारावे.

मला मूलबाळ नाही, यजमान वारले. जवळचा म्हणावा असा एक भाचा आहे, धर्मेश, राहणार बोईसर. तारापूरच्या कारखान्यांना पंप विकतो आणि दरवर्षी विक्रीत पहिला आल्याचा कप आणून माझ्या नाकासमोर धरतो. सातपाटीचे घर कोणाला, एवढेच त्याला वाचायचे आहे. म्हणून ते कलम शेवटी ठेवले आहे. वाच बाबा आधी बाकीचे.

कलम १. पतपेढीतील माझी ठेव देवूला द्यावी. तो माझा विद्यार्थी, बोटींची इंजिने दुरुस्त करतो. दुसरीत मी त्याला फार मारले असे गावात बोलतात. बरोबरच मारले. ठेव त्यासाठी नाही. रविवारी माझ्या घरी गोष्टीचा खेळ चाले, त्यात त्याने घेतलेले सोंग पहिल्याच तासाला मेले तरी हा उरलेली दुपार दुसऱ्यांची गंमत बघत हसत बसायचा, त्यासाठी आहे.

कलम २. माझ्या पाटल्या धर्मेशच्या बायकोला, हेमालीला. नवऱ्याशी कॅरम खेळताना मुद्दाम हरून तिने संसार टिकवला. ही तिची मजुरी समजावी.

कलम ३. खेळाचा डबा, फासे आणि नकाशे धर्मेशच्या मुलीला, किंजलला. पुण्याच्या कॉलेजातून हा खेळ तिनेच आणला. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे, मी गोष्ट सांगायची, अडचण आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. यात कोणी जिंकत नाही. देवूला हे पाच मिनिटांत कळले. धर्मेशला अजून कळलेले नाही. फासा मनासारखा पडला नाही की टेबल हलले म्हणायचा. दुसऱ्याची पाळी आली की त्याने काय करावे ते हाच सांगायचा. पोरीलाही "तुला काय कळत नाय, गप बस" म्हणून त्याने टेबलावरून उठवले. ती परत खेळली नाही. किंजल, बापाला घेऊ नकोस.

कलम ४. मिक्सर कोणालाही द्यावा, पण शेजारच्या शकूला देऊ नये. साक्षीदाराला काही न ठेवलेले बरे, असे वकील म्हणाले. म्हणून तिला मुद्दाम साक्षीदार केले आहे.

कलम ५. घर.

एका रविवारी खेळातली गोष्ट समुद्राची होती. दीपिका ही माझी जुनी विद्यार्थिनी, तीही खेळायला यायची. गोष्टीत तिच्या बोटीचे इंजिन बंद पडले आणि धर्मेशच्या बोटीने तिला दोर लावून ओढायला घेतले. आमच्याकडे बंद पडलेली बोट दिसली की दोर टाकतात. मग घरांत भांडण असो की कोर्टात केस. गोष्टीत वादळ उठले तसा धर्मेश म्हणाला, "मी दोर कापतो. माझी बोट हलकी होईल, पयला मी पोचीन."

देवू ओरडला, "अरे, कोनासमोर बोलतो तू? शुद्धीवर हाय का?"

"खेळ हाय रे. दोर कापायचा नाय, असं रूलमदी कुठं हाय? दाखव!" म्हणत त्याने फासा टाकला. वीस पडले. मेला उठून नाचला.

दीपिकाचे वडील खरोखरच अशा बंद पडलेल्या बोटीवर, वादळात बुडून गेले. त्यांच्यापर्यंत कोणाचा दोर पोचला नाही. धर्मेशला हे ठाऊक होते, बाराव्याला तो पोटभर जेवला होता. पोरगी एवढेच म्हणाली, "बाई, मी निघते." ती गेल्यावर धर्मेशने मला विचारले, "आत्या, पण पयला मीच पोचलो ना?"

त्याच आठवड्यात मी पालघरला जाऊन हे घर नोंदणीकृत बक्षीसपत्राने दीपिकाला दिले. मरेपर्यंत राहण्याचा हक्क तेवढा माझ्याकडे ठेवला. तिला गप्प राहायला सांगितले आणि ती राहिली.

मग धर्मेशला बोलावले. म्हटले, घर तुला की दीपिकाला ते ठरायचे आहे, जो माझे जास्त करील त्याला गुण. प्रत्येक फाशाला रूल विचारणारा हा माणूस, खेळ आधीच संपला नाही ना, एवढे मात्र विचारायला विसरला.

स्वयंपाकघराच्या दारामागे मी खडूने रेघा मारत गेले. त्याने पत्रे बदलले, टाकी बसवली, बाथरूमला फरशी घातली, निवडून पापलेट आणले. आल्या आल्या आधी दारामागे डोकावायचा, मग माझे गुडघे विचारायचा. फिरकेनासा झाला की मी दीपिकाच्या नावापुढे उगाच चार रेघा ओढायचे. दुसऱ्या दिवशी प्लंबर हजर! बिचारी दीपिका येऊन चहा करून जायची, तिला या गुणांचे काही माहीत नव्हते. फार मजा आली मला, का खोटे बोलू?

दवाखान्यात एकदा तो दिवसभर माझे पाय चेपत बसला. मला वाटले, विसरला बहुतेक गुण. डोळे भरून आले माझे. निघताना म्हणाला, "आत्या, याचे दोन धरशील ना?" मी पाच दिले.

खडू पुसला जाईल म्हणून रेघांवर त्यानेच ऑइलपेंट फिरवला आहे. त्यामुळे निकालाबद्दल वाद नाही. धर्मेश, तू जिंकलास. दीपिका तुझ्या जवळपासही नाही.

पत्रे, टाकी व फरशी यांवर त्याने हक्क सांगू नये. हे सगळे आपण आत्याच्या प्रेमापोटी केले, असे तो गावभर सांगत असे. आता शब्द फिरवू नये.

मात्र जिंकलेल्याला बक्षीस हवेच. स्वयंपाकघराचे ते दार मी धर्मेशला देत आहे. बिजागऱ्यांसकट काढून न्यावे आणि बोईसरला कपांशेजारी उभे करावे. दीपिकाने अडवू नये, चहा विचारावा. टेम्पोवर दार बांधायला तो दोर मागेल. तो त्याला देऊ नये.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

पुष्पलता कमलाकांत मेहेर

साक्षीदार: १. शकू जनार्दन तामोरे, सातपाटी
२. कमलेश वामन दवणे, एडवण

ठिकाण: सातपाटी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार