पुढच्या पायाची नाल

सोमवार, ८ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप वहिनींना,

धाकट्या भावजींचा नमस्कार. दादाला, पोरांना आणि तुमच्या त्या भांडखोर मांजरीलाही माझी आठवण सांगा. मी बरा आहे, काल घरी आलो. उशीला टेकून लिहितोय म्हणून अक्षर तिरकं आहे. एरवीही काही सरळ नसतं. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मधेच काहीतरी चांगलं बोलाल आणि मी गप्प बसेन. म्हणून हे पत्र आमच्या थोरल्या लेकीच्या हाती पाठवतोय.

घोडीनं मला लाथ मारली हे तुम्हाला कळलंच आहे. आमची ही सगळ्यांना सांगत सुटली आहे, आणि दर वेळी घोडी थोडी मोठी होते आहे. खरी हकीगत एवढीच, की घोडेस्वारीच्या शाळेतल्या काजळीच्या मागच्या पायाला नाल ठोकत होतो. माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे, एका खिळ्याला एकदा देवाचं नाव. चौथा खिळा चालू होता. तिला माशी चावली, तिनं पाय ओढून झाडला, तो माझ्या पोटात बसला. ही म्हणते, देवानं वाचवलं. मी विचारलं, मग माशी कुणी पाठवली? त्यावर मला जेवण उशिरा मिळालं.

लघवीतून रक्त गेलं म्हणून इस्पितळात पोटाचा स्कॅन काढला. संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या, आमच्या थोरलीपेक्षा फार तर चार वर्षांनी मोठ्या. म्हणाल्या, "काका, किडनीला थोडी चीर गेली आहे. पडून राहिलात की भरून येईल. पण एक गंमत आहे. तुमच्या दोन्ही किडन्या खालच्या बाजूनं एकमेकींना जोडलेल्या आहेत, जन्मापासून. घोड्याच्या नालेसारख्या."

मी विचारलं, "पुढच्या पायाची की मागच्या?"

"म्हणजे?" बाई म्हणाल्या. मग मी समजावलं, पुढच्या पायाची नाल गोलसर असते, मागच्या पायाची जराशी निमुळती. तेव्हा त्यांनी पेन काढून कागदावर चित्र काढलं. बघतो तर अगदी पुढच्या पायाची! शेजारच्या खाटेवरचा रंगारी पोटाला टाके असूनही इतका हसला, की नर्सबाई त्याच्यावर ओरडल्या. "तीस वर्षं नाल ठोकतोय आणि एक आतच ठोकलेली!" असं तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. चारपाचशे माणसांत एखाद्याचं असं असतं म्हणे. बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. एकोणपन्नास वर्षं देवानं ही थट्टा माझ्याच पोटात दडवून ठेवली, वहिनी. मी पोटावर हात ठेवून कितीतरी वेळ हसत होतो.

दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं, "असली किडनी दुसऱ्याला देता येते का?"

"सहसा घेत नाहीत," त्या म्हणाल्या. "वेगळ्या करणं जिकिरीचं असतं. तपासणीतच तुम्हाला नको म्हणाले असते. का हो?"

"सहज," मी म्हणालो.

सहज नव्हतं.

ही शेजारीच बसली होती. म्हणाली, "बघा, तेव्हाचे डॉक्टर खरंच बोलले. तुमची चाललीच नसती." तुम्हाला जे सांगितलं होतं तेच मी हिलाही सांगितलं होतं. आता सगळं आपोआप जमून आलंय. गप्प बसलो तर कुणाला कधीच कळणार नाही. म्हणूनच लिहितोय.

नऊ वर्षांपूर्वी दादाला किडनी देण्यासाठी माझी तपासणी झालीच नाही. मी गेलो होतो. चिठ्ठी खिशात होती. इस्पितळाच्या फाटकाशी एका माणसाला ढकलगाडीवरून नेत होते, त्याचे पाय चादरीबाहेर आले होते. ते उघडे तळवे बघून मी मागे फिरलो. हजारो खूर हातात धरलेला माणूस मी, दोन तळव्यांना भ्यालो. दिवसभर तबेल्यात बसून एकच बोथट कानस पुसत राहिलो. संध्याकाळी तुमच्याकडे आलो. तुम्ही ओट्याशी उभ्या होतात. म्हटलं, "माझी जुळत नाही म्हणाले." तुम्ही हात पुसत म्हणालात, "असू द्या भावजी, त्यात तुमचा काय दोष?" आणि मला ताट वाढलंत. मी जेवलो. पुढे तुम्ही स्वतःची दिलीत.

तेव्हापासून तुमच्या दारात मी कायम घाईत असतो. "बसत नाही, काम आहे." काम नसतं.

देवाला हे मी रोज सांगतो. पण त्याला ते आधीच ठाऊक असतं, त्यामुळे सांगायला धाडस लागत नाही. माझं खोटं आता खरं ठरलंय, तरी मी बोललो तेव्हा ते खोटंच होतं. दादा शिट्टी वाजवत फिरतो, त्यात माझा काडीचाही वाटा नाही.

हे एवढं लिहिलं आणि वहिनी, खरं सांगतो, भूक लागली. दादाला वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. रविवारी दहा वाजता येतो. घाईत नसेन. दार उघडायचं की नाही, तेही तुम्हीच ठरवा.

ज्याला तुम्ही "तुमचा काय दोष" म्हणालात, तो दोषी,
भावजी


शुक्रवार, १२ नोव्हेंबर

भावजींना आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही, भांडी तेवढी बोलत होती.

काल तुमच्या दादांना वाचून दाखवलं. फाटकाचं ऐकल्यावर त्यांनी मला थांबवलं. मग म्हणाले, "मी असतो तर फाटकापर्यंतही गेलो नसतो." आणि "पुढच्या पायाची की मागच्या" आठवून इतके हसले, की चष्मा पुसावा लागला. तुम्ही भाऊ-भाऊ, तुम्ही हसा. माझं वेगळं आहे.

तेव्हा मी म्हणाले होते, तुमचा काय दोष. ते शब्द मागे घेते. दोष तुमचाच होता. आता तो माझ्यापर्यंत पोचला, तुम्ही उगाच वाहत बसू नका. आणि मी जे दिलं ते माझ्या नवऱ्याला माझ्या मर्जीनं दिलं, तुम्ही आला नाहीत म्हणून नव्हे. त्याचं ओझं तुम्ही घ्यायचं कारण नाही.

रविवारी दार उघडंच असेल, मांजरीसाठी असतं तसं. मात्र उभं राहायचं नाही. तुमची खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवते.

अजून रागावलेली,
वहिनी