दादाच्या हातचं यीस्ट

केंब्रिज, ऑन्टारियो
९ फेब्रुवारी १९९८

ती. दिओलिंडाताईस,
धाकट्या आदेलिनोचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सुक्या अंजिरांचा डबा, दोन्ही पोचले. अंजिरं दोन दिवसांत संपली, तुझे टोमणे अजून पुरताहेत.

तू विचारतेस, तुम्ही दोघे भाऊ वीस मिनिटांच्या अंतरावर राहून अजून बोलत नाही का? बोलतो की. मयतीला भेटलो की बोलतो, तेही थंडीबद्दल. दादाने माझ्या दुकानात अकरा वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. लोकांना खोक्यातल्या रसाची वाइन करू देणारं हे दुकान मी काढलं, तेव्हा आपल्या गावकऱ्यांच्या क्लबात सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, की आमचा आदेलिनो आता खोक्यातून खोकल्याचा काढा विकणार. मीही म्हणालो, की दादाची वाइन झकास असते, कोशिंबिरीवर घालायला. हशा माझ्या वाक्याला जास्त झाला. चूक झाली ती तिथे.

आता बातमी. परवा दादाची लुसिया दुकानात आली. तिचं लग्न ३० मेला आहे, आणि दादाची तिन्ही पिंपं आंबली. व्हिनेगर झालं सगळं. हसू नकोस, मी ती जाईपर्यंत हसलो नाही. त्याचे गुडघे गेलेत. पिंपातली वाइन आटते, दर आठवड्याला ओतून तोंडापर्यंत आणावी लागते. गॅरेजमधल्या त्या शिडीवर हा चढणार कसा आणि खालून कॅन देणार कोण? पूर्वी मी द्यायचो. नवी द्राक्षं ऑक्टोबरशिवाय नाहीत. विकतची वाइन लेकीच्या लग्नात ठेवण्यापेक्षा लग्न पुढे ढकलीन, असं म्हणतो म्हणे.

तर पोरीला माझ्याकडची पाच किटं, म्हणजे रसाची पाच खोकी हवी होती. दीडशे बाटल्या होतात. मी लगेच हो म्हणालो. पण इथे एक कायदा आहे. रस माझा, बादल्या माझ्या, जागा माझी. पण रसाची वाइन करणारं यीस्ट त्यात मी टाकायचं नाही. ते गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने टाकायचं आणि बाटल्याही त्यानेच भरायच्या. तरच ती घरची वाइन. नाहीतर माझा परवाना जातो. लुसियाने तिथेच बाह्या सरसावल्या. मी विचारलं, हॉलमध्ये घरची वाइन वाढायची परवानगी कुणाच्या नावावर? म्हणाली, पप्पांच्या. म्हटलं, मग बाळ, हातही पप्पांचाच लागणार.

ताई, तुला म्हणून सांगतो. कायद्याला लुसियाचा हात चालला असता. पण मी इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं, की क्षणभर मलाच पटलं. आता मार्चच्या मध्यापर्यंत यीस्ट पडलं तर ठीक, नाहीतर लग्नात पाणी. आणि दादा आत्ता आला नाही, तर पुन्हा कधी येणार नाही.

लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढवलास की टोमणेही वाढतात.

तुझा,
आदेलिनो


सांतो अमारो, पिको
२६ फेब्रुवारी १९९८

चि. आदेलिनोस अ. उ. आ.

माझी कंबर बरी आहे, म्हणजे दुखतेच आहे पण नवीन काही नाही. वाऱ्याने कोंबड्यांचं छप्पर नेलं. शेजारच्या इल्दाच्या अंगणात पडलं, तर ती म्हणते देवाने दिलं.

तुझा धंदा मला अजून कळलेला नाही. द्राक्षाचा रस पिशवीत, पिशवी खोक्यात आणि खोक्यावर द्राक्षांचं चित्र. ते कशाला, प्यायला बसल्यावर कशाची होती ते विसरू नये म्हणून? बाबा असते तर त्यांनी ते खोकं डुकरांना दाखवलं असतं, आणि डुकरांनी मान फिरवली असती.

पण खोटं छान बोललास. लहानपणी अंडी चोरायचास तेव्हाही तुझा चेहरा असाच सरळ असायचा, मार तुझ्या दादाला, ग्वाल्तेरला बसायचा. तोही तुझं नाव सांगायचा नाही. हे तू विसरला असशील, मी नाही.

आता नीट ऐक. तो येईल. कुणी बघत नसेल अशा वेळी येईल आणि दुसऱ्याच कशासाठी आलो म्हणून सांगेल. तेव्हा हसायचं नाही. विनोद करायचा नाही. अकरा वर्षं कशी गेली ते विचारायचं नाही. तोंडाच्या जोरावर तू दुकान उभं केलंस हे मान्य, पण घरात ते तोंड फार महाग पडलं आहे. ते मिटून ठेव.

मी एकाहत्तरची झाले. लग्नाला काही येववत नाही. मी मेल्यावर तुम्ही दोघं माझ्या पेटीच्या दोन टोकांना उभे राहून थंडीबद्दल बोललात, तर मी उठून बसेन.

मायेत उणं नाही. अकलेची खात्री देत नाही.

तुझी ताई,
दिओलिंडा


केंब्रिज
२२ मार्च १९९८

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

आला! १० तारखेला, मंगळवारी सकाळी दहाला, दुकान रिकामं असताना. आधी वीस मिनिटं समोर गाडीत बसून होता. मी आत पुसलेल्याच बाटल्या पुसत होतो. मग आला आणि म्हणाला, बुचं हवीत. कुठल्या मापाची विचारलं, तर गडबडला. चाळीस वर्षं वाइन करणारा माणूस, ताई! मी हसलो नाही. जीभ चावून ठेवली होती.

मग छताकडे बघत म्हणाला, की लुसिया काहीतरी कायद्याचं बोलत होती. मी म्हटलं, हो, कायदा कडक आहे. पाच बादल्या तयारच होत्या. यीस्टच्या पुड्या कापायला नेमकी कात्री सापडेना, मागे जाऊन दहा मिनिटं शोधली. परत आलो तर हा भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून उभा. म्हणालो, दादा, ये. त्याने कोट काढला, कोपरापर्यंत हात धुतले आणि छातीवर क्रूस काढून एकेका बादलीत यीस्ट भुरभुरलं. बाबा बी टाकायचे तसं. मग म्हणाला, ढवळायचं? म्हटलं, नाही, आपोआप होतं. म्हणाला, मग माणसाने करायचं काय? याला माझ्याकडे फार चांगलं उत्तर होतं. तुझी आज्ञा आठवून गिळलं.

तेव्हापासून दर तिसऱ्या दिवशी येतो. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस म्हणून चव घेत नाही, नुसता वास घेतो आणि बादलीला कान लावून आतली बुडबुड ऐकत बसतो. दोनदा मला सांगून झालं, की तिसऱ्या नंबरची जरा हळू बोलते आहे, तिला उबेत ठेव. ठेवली, तर खरंच सुधारली.

कालचं सांगतो. मॅकलाउडबाई पीचची वाइन करायला आल्या होत्या. दादा त्यांच्यावरच डाफरला, की झाकण सारखं उघडून बघायला ते काय ओव्हन आहे? त्या बिचाऱ्या म्हणाल्या, आपण मालक का? मी बुचांच्या खोक्यांमागे होतो. म्हटलं आता ऐकू या, काढेवाल्याबद्दल काय म्हणतो. तो म्हणाला, नाही, मी मालकाचा थोरला भाऊ.

बाई जाईपर्यंत मी खोक्यांमागेच थांबलो. तिथे धूळ फार आहे. डोळ्यांत गेली.

लोभाचं तू बघ, मला आज सुचत नाही.

तुझा,
आदेलिनो


सांतो अमारो, पिको
२० एप्रिल १९९८

चि. ग्वाल्तेरास अ. उ. आ.

तू बादल्यांचा डॉक्टर झालास असं कानावर आलं. फी काय घेतोस? इल्दाचा बोकड शिंकतो आहे.

जो माणूस स्वतः पोप सांगायला आले असते तरी त्या दुकानाची पायरी चढला नसता, त्याला म्हणे कायद्याने आणलं. माझा विश्वास बसत नाही. तू ऐंशी साली गाडीचा दंड भरायला सुद्धा नऊ महिने लावलेस. खरं काय ते लिही. लग्न पार पडल्यावर लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

लुसियाला माझे मुके. माया पूर्वीइतकीच, उत्सुकता त्याहून जास्त.

तुझी ताई,
दिओलिंडा


केंब्रिज
७ जून १९९८

ती. ताईस,
ग्वाल्तेरचा सा. न. वि. वि.

अक्षर बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. लग्न झालं. फोटो सोबत आहे. लुसियाशेजारी सुजलेला दिसतो तो मी, आणि माझ्या मागे आदेलिनो. त्याचा टाय बघू नकोस.

बाटल्या मीच भरल्या. तो बुचं मारण्याचं यंत्र धरून उभा होता आणि सहा तास बोलला. मार्चभर गप्प होता, मला वाटलं आजारी आहे.

वाइन चांगली झाली. हे त्याला कळवू नकोस. व्याह्यांनी तिसऱ्या ग्लासाला विचारलं, कुणी केली? मी म्हणालो, मी. आदेलिनो शेजारीच ताट घेऊन उभा होता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. अठ्ठावन्न वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहिलं. मग मीच व्याह्यांना म्हणालो, याच्या दुकानात केली. त्यावर तो खायचं ताट तिथेच ठेवून बाहेर गेला. आत आला तेव्हा नाक लाल. थंडी नव्हती.

आता तुझा कायदा. तो मागे कात्री शोधायला गेला, तेव्हा मी भिंतीवरची पाटी वाचली. हाताएवढाल्या अक्षरांत आहे. गिऱ्हाइकाने किंवा त्याच्या घरच्या कुणीही यीस्ट टाकावं. कुणीही! लुसिया, तिची आई, कुणीही. त्याच्या स्वतःच्या भिंतीवर, ताई. मी पाटीला पाठ करायच्या आत तो आलाच.

मी कोट काढून हात धुवायला गेलो.

त्याआधी मी त्या दुकानापर्यंत तीनदा जाऊन परतलो होतो. एकदा तर दाराला हातही लावला. आत तो गिऱ्हाइकांना हसवत होता. वाटलं, माझ्यावरच असेल. थोरल्या माणसाने कारणाशिवाय आत शिरायचं कसं? त्याने एक कारण तयार करून पुढे ठेवलं. वाईट केलं होतं, भोकं दिसत होती, पण केलं तर होतं.

त्याला वाटतं त्याने मला फसवलं. त्याने क्लबात अजून कुणाला सांगितलेलं नाही, हे त्याच्यासारख्याला किती जड जात असेल ते तुला माहीत आहे. मी पाटी वाचली होती, हे तूही त्याला सांगू नकोस.

लोभ दोघांवर सारखा ठेव. कमीजास्त झालाच, तर या वेळी जास्तीचा त्याच्याकडे जाऊ दे.

तुझा,
ग्वाल्तेर